पहिला फेस पडेपर्यंत

बाळाच्या पोटदुखीचे थेंब औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. बाटलीवर हसऱ्या बाळाचं चित्र असतं. ज्या घरात ती बाटली जाते, त्या घरातलं बाळ हसत नसतं.

*

बर्चचं ओलं लाकूड पेटण्याआधी शिट्टी वाजवतं.

*

मॉन्सला आता एवढंच बोलता येतं: हां, नको, जा, तिथं, ती. आणि रोसा. रोसा ही गाय होती. तिला विकून बरीच वर्षं झाली. पण वसंतात मॉन्सच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली तेव्हा बाकीचे शब्द गेले आणि रोसा तेवढी राहिली.

*

बिअरचा तांब्याचा हंडा आतून साबणाने धुवायचा नाही. लोण्याचं, चरबीचं बोट जरी लागलं तरी फेस मरतो.

*

दूध वर आलं की गॅस बंद करता येतो. चुलीतल्या लाकडाला बटण नसतं.

*

आमच्या खोऱ्यात नवी बिअर चाखायला आलेला शेजारी खोड काढतो. कडू झालीय, गोड राहिलीय, धूर लागलाय, तुझ्या बापाची बरी असायची. खोड निघाली की बिअर करणारा समजतो, आपल्याला अजून मोजतात. नुसती स्तुती आजारी माणसाच्या उशाशी करतात.

*

सप्टेंबरात मॉन्सच्या बिअरची कोणी खोड काढली नाही.

झटक्यानंतर त्याने पहिल्यांदाच हंडा लावला होता. उजवा हात खांद्यापासून लोंबत होता, म्हणून लांब दांड्याचं ओगराळं डाव्या हातात धरलं होतं. चूलघरात त्याची बायको गुन्वॉर होती आणि बहिणीचा मुलगा लेइडुल्व होता. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, गोड पाणी उकळायला लागतं तेव्हा पहिला फेस एकदम उसळतो. त्या वेळी ओगराळ्याने पाणी भराभर उचलायचं आणि उंचावरून परत हंड्यात सोडायचं. फेस फुटतो, दमतो, खाली बसतो. मग दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेली हॉप्सच्या कडू फुलांची पिशवी आत सोडायची. पहिला फेस पडल्यावरच. आधी सोडली तर फेसाला आणखी माज येतो. एकदा तो पडला की पुढचे तास शांत; पाणी आटत, काळसर लाल होत राहतं आणि माणूस बाकावर बसून कॉफी पिऊ शकतो.

डावा हात भराभर चालला नाही. फेस काठावर आला, काठ ओलांडून हंड्याच्या पोटावरून चुलीत उतरला. राख, वाफ, जळक्या साखरेचा वास. चूल विझली. निम्म्याहून जास्त गेलं.

गुन्वॉर आणि लेइडुल्व भिंतीला पाठ लावून बघत राहिले. ओगराळं ज्याच्या हातात, बिअर त्याची. तो उभा असताना दुसऱ्याने ओगराळ्याला हात लावायचा नसतो. त्यांनी लावला नाही. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल.

उरलेल्याची बिअर झाली ती पाणचट आणि करपट. शेजारी चाखायला आले, लाकडी भांडं हातोहात फिरलं.

"छान झालीय, मॉन्स."

"खरंच छान."

एल्ड्रिड म्हातारीने पोटच्या मुलाच्या लग्नातली बिअर थुंकली होती. तीसुद्धा म्हणाली, "गोडवा चांगला उतरलाय हो."

सगळे गेल्यावर मॉन्सने गुन्वॉरला चूलघरात नेलं. हंड्यावर बोट ठेवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात नाताळवर ठेवलं. फेस वर येतो तसा डावा तळवा वर नेला आणि काठावरून खाली उतरवला. मग खिडकीतून उताराखालच्या लेइडुल्वच्या घराकडे दाखवलं.

"तिथं," तो म्हणाला.

म्हणजे नाताळची बिअरही उतू गेली तर हंडा लेइडुल्वला.

"आणि तू काय करशील?" गुन्वॉरने विचारलं.

त्याने एक खांदा उडवला. दुसरा उडत नव्हता.

*

लेइडुल्व गॅरेजात स्टीलच्या विजेच्या भांड्यात बिअर करतो. माणूस चांगला आहे. नोव्हेंबरात तो मामीकडे अंडी न्यायला आला आणि अंडी घेण्याआधी त्याने टेबलावर एक छोटी बाटली ठेवली.

"हे ॲप्रनच्या खिशात ठेव, मामी. मामाला दाखवू नकोस."

गुन्वॉरने चष्मा लावला. "बाळाचं औषध? या वयात कसली बातमी आणलीस रे?"

"बाळ माझ्याकडे आहे. रात्रभर रडतं. हे त्याच्या पोटातले बुडबुडे फोडतं म्हणे. त्याचे फुटतात की नाही देव जाणे, पण भांड्यातले नक्की फुटतात. मी गॅरेजात दर वेळी घालतो."

"तुझ्या गॅरेजातली बिअर मी प्यायलेय."

"मग?"

"मग काही नाही. मेंढीचं मटण मुरवायला चांगली आहे."

"बोलून घे. पण पाणी तापायला लागलं की चार थेंब टाक. फेस येणारच नाही. मग मामाचा हात चालो नाहीतर न चालो."

"त्याला कळेल."

"कसं कळेल? चव नाही, वास नाही, रंग नाही."

गुन्वॉरने बाटली परत त्याच्याकडे सरकवली. लेइडुल्वने ती तिच्याकडे सरकवली.

"मला तो हंडा नकोय, मामी," तो म्हणाला. "म्हणजे, हवाय. पण असा नकोय."

तिने बाटली ॲप्रनच्या खिशात टाकली. मग ती अंडी मोजायला विसरली, त्याला एक जास्त गेलं.

*

डिसेंबरातला शनिवार. अंधारातच चूल पेटली. जुनिपरच्या सुवासिक झुडपाच्या फांद्या पाण्यात उकळल्या, त्या पाण्यात माल्ट भिजवलं, टबच्या तळाशी फांद्या पसरून त्यांतून गोड पाणी झिरपवलं. दुपारपर्यंत हंडा भरला. पाणी इतकं चिकट की मॉन्सच्या बोटाला बोट चिकटलं. ते त्याने चाटलं आणि गुन्वॉरकडे बघून मान हलवली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

मग तो हॉप्सची पिशवी आणायला घरात गेला. पूर्वी तो जायचा आणि आलाच. आता मध्ये पायऱ्या आहेत.

गुन्वॉर हंड्याजवळ एकटी राहिली. पाण्यावरून वाफेचा पहिला धागा निघाला होता. खिडकीतून तिला मॉन्स दिसत होता. कठड्याला डावा हात, आधी चांगला पाय, मग दुसरा पाय वर ओढायचा, मग थांबायचं. थांबला की तो असा उभा राहायचा जणू हवामान बघतोय.

लेइडुल्व चार थेंब म्हणाला होता. पण त्याचं भांडं केवढं, हा हंडा केवढा. तिने बाटली उलटी केली आणि रिकामी होईपर्यंत धरली.

*

मॉन्स आला. पिशवी खिळ्याला टांगली. ओगराळं घेतलं, पाय रोवले.

(इथे फेस यायचा.)

पाणी हललं. मध्यावर गरगरलं. उकळी फुटली, बटाटे उकडतात तशी, उघडी. वर काही नाही.

मॉन्सने चुलीकडे बोट केलं. गुन्वॉरने लाकूड घातलं.

(इथे.)

उकळी मोठी झाली. थेंब उडून काठावर चटचट वाळायला लागले. मॉन्स ओगराळं उचलून तयार होता. उचललेला हात भरून आला तेव्हा त्याने ते खाली घेतलं, हात झटकला, परत उचललं.

"रोसा," तो म्हणाला.

"आणखी घालू?"

"हां."

तिने आणखी घातलं. आता आच इतकी होती की तिला मागे सरावं लागलं.

(अजून नाही.)

हॉप्सची पिशवी खिळ्यावरच होती. गुन्वॉरने तिच्याकडे बघितलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. पहिला फेस पडल्याशिवाय मॉन्स पिशवीला हात लावणार नव्हता. त्याच्या बापाने लावला नव्हता, आजाने लावला नव्हता. आणि पहिला फेस तर ॲप्रनच्या खिशात होता, रिकाम्या बाटलीत.

"पिशवी टाकतोस ना आता?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नको."

"उकळलंय की चांगलं."

त्याने तिच्याकडे असं बघितलं जसं तिने भर दुपारी शुभ रात्री म्हटलं.

पाणी आटत चाललं. मॉन्सने ओगराळ्यातून थोडं घेतलं, फुंकलं, चाखलं. गोड. ठीक. वास घेतला. ठीक. काठावर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी धरलं. चरबी शोधत होता. साबण शोधत होता. गुन्वॉरकडे वळून भुवया वर केल्या.

"मी नाही धुतला साबणाने," ती म्हणाली. ते खरंच होतं.

मग त्याने ओगराळं टेकवून ठेवलं. डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, एखादी जड वस्तू उचलावी तसा, आणि हुंगला.

त्या हाताला ती रोज सकाळी मलम चोळायची. बोटं आखडू नयेत म्हणून. मलम तेलकट होतं.

मॉन्स बराच वेळ तो हात नाकाशी धरून राहिला. मग त्याने स्वेटरची बाही बोटांच्या पलीकडे ओढली, हात पाठीमागे नेला आणि तो दिसू नये असा हंड्यापासून तिरका उभा राहिला. ओगराळं परत घेतलं नाही. बाकावर बसला. उकळी आपली उकळत होती.

गुन्वॉरला वाटलं होतं, उतू जाणं हेच सगळ्यात वाईट. ती त्याच्यासमोर चुलीच्या दगडावर बसली.

"तुझा हात नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. हातच.

"मॉन्स, ऐक. तुझा हात नाही. मी आहे." तिने बाटली काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "तू हॉप्स आणायला गेलास तेव्हा मी हे ओतलं. सगळं. फेस येऊ नये म्हणून. माल्ट चांगलं आहे, हंडा चांगला आहे. फेस मी मारला."

मॉन्सने बाटली उचलली. हसऱ्या बाळाकडे बघितलं. बाटली फिरवून मागचं वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं त्याला आता जुळत नाहीत, तरी वाचायचा प्रयत्न केला. मग परत बाळाकडे बघितलं.

"जा," तो म्हणाला.

"नाही जाणार."

"जा."

"तुला एक शब्द नीट येतो म्हणून तो सारखा म्हणायचा नसतो. मी गेले तर लाकडं कोण घालेल? पिशवी टाक आधी. उशीर माझ्यामुळे झालाय, त्याची शिक्षा बिअरला नको."

तो उठला. खिळ्यावरची पिशवी काढली आणि पाण्यात सोडली. हळूच सोडतात, त्याने फेकली. गुन्वॉरच्या ॲप्रनवर गरम शिंतोडे उडाले. उकळी संपेपर्यंत तो तिच्याकडे पाठ करून बसला आणि ती चुलीत लाकडं घालत राहिली. त्या घरात त्या दुपारी आणखी काही घडलं नाही.

*

पाणी निवत ठेवायचं तर जड टब हलवावे लागतात, म्हणून लेइडुल्व आला. त्याने हंड्याचा कोरडा, स्वच्छ काठ पाहिला आणि मामीला डोळा मारला.

मॉन्सने खिशातून रिकामी बाटली काढून त्याच्या हातात दिली.

"नको," मॉन्स म्हणाला.

लेइडुल्वचा चेहरा पडला. "मामा, मी फक्त..."

"नको."

"सांगितलंस त्याला?" लेइडुल्वने मामीला विचारलं.

"सांगावं लागलं. फेस न येता हॉप्स कधी टाकायचे, ते तुझ्या गॅरेजात कसं ठरतं?"

"घड्याळ लावून."

"इथे घड्याळ नाहीये, बाबा."

दाट पाणी कोमट झालं तेव्हा घरचं यीस्टचं विरजण घातलं. विरजण घालताना ओरडायचं असतं, पोटातून, म्हणजे बिअर जोरकस होते. लेइडुल्व लाजत लाजत ओरडला. मग मॉन्स ओरडला. ओरडायला शब्द लागत नाहीत. उतारावरची कुत्री भुंकायला लागली, आणि गुन्वॉरला वसंतानंतर पहिल्यांदा त्याचा पूर्ण आवाज ऐकू आला.

*

टबातल्या माल्टवरून दुसऱ्यांदा पाणी फिरवलं की पातळ बिअरचं पाणी निघतं. हे घरात जेवताना प्यायचं. पाहुण्यांसमोर कोणी ठेवत नाही. पुष्कळ जण आता करतही नाहीत.

मॉन्सने हंडा जुनिपरच्या फांदीने आणि कढत पाण्याने घासला. पुन्हा घासला. पुन्हा. मग पातळ पाणी आत ओतायला लावलं.

"मामा, हे राहू दे की आता," लेइडुल्व म्हणाला. "दमलायस."

"तिथं," मॉन्स म्हणाला आणि भिंतीकडे बोट केलं. लेइडुल्व भिंतीशी जाऊन उभा राहिला.

या वेळी फेस आला.

आधी कडेने, पांढुरका, मग सगळीकडून एकदम, तपकिरी, फुगत. मॉन्सने ओगराळं बुडवलं, उचललं, ओतलं. बुडवलं, उचललं, ओतलं. फेस फुटत होता आणि फुटल्यापेक्षा जास्त येत होता. डावा हात दमायला लागला. ओगराळं आधी डोक्यापर्यंत जात होतं, मग खांद्यापर्यंत, मग छातीपर्यंत. छातीवरून ओतलेल्या पाण्याने फेस फुटत नाही.

लेइडुल्व भिंत सोडून पुढे झाला. गुन्वॉरने त्याची बाही पकडली.

"ओगराळ्याला हात लावायचा नाही."

"अगं मामी, उतू चाललंय ते."

"दिसतंय मला."

ती गुडघ्यांवर बसली. चुलीच्या तोंडात हात घातला आणि सगळ्यात मोठं जळतं लाकूड टोकाला धरून बाहेर ओढलं. लाकूड फरशीवर आलं, चूलघर धुराने भरलं. तिला खोकला आला. तिने दुसरं ओढलं. ओगराळ्याबद्दल रीत होती. लाकडांबद्दल कोणी काही म्हटलेलं नव्हतं, कारण लाकडं नेहमी बायकाच घालत आल्या.

फेसाची एक जीभ काठ ओलांडून खाली आली, हंड्याच्या पोटावर चुर्र वाजली. बाकीचा काठाशी थांबला. मॉन्सचं ओगराळं परत खांद्याला पोचलं. फेस हलला, खचला, मध्ये भोक पडलं.

मॉन्सने धुरातून खाली बघितलं. गुडघ्यांवर बसलेली बायको, तिच्या हातात धुमसतं लाकूड, भुवईवर काजळी. गुन्वॉरला वाटलं, आता परत जा म्हणेल.

"तिथं," तो म्हणाला आणि ओगराळ्याने चुलीच्या डाव्या कोपऱ्यातलं लाकूड दाखवलं.

तिने तेही ओढलं. फेस पडला. त्याने पिशवी घेतली आणि पाण्यात हळूच सोडली. मग आधीच्या लाकडाकडे बोट केलं, आणि तिने ते परत आत सरकवलं.

"हे असं असतं होय," भिंतीपासून लेइडुल्व म्हणाला. "माझ्याकडे नॉब फिरवतात."

*

नाताळच्या आधी शेजारी चाखायला आले. भांडं फिरलं. एक म्हणाला, "छान झालीय, मॉन्स." गुन्वॉरने पुसलेलंच ताट परत पुसलं.

एल्ड्रिड म्हातारीने दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं.

"छान कसली. जोर आहे, नाही म्हणत नाही. पण कडूपणा कुठे आहे? हॉप्स काय शेवटी आठवण झाली म्हणून टाकलेस?"

मॉन्सने भांडं परत घेतलं, चाखलं, विचार केला.

"हां," तो म्हणाला.

मग तो स्वतः उठून पातळ बिअरचा जग घेऊन आला. पाहुण्यांपुढे ती ठेवायची नसते, म्हणून सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एल्ड्रिडने ओतून घेतली.

"याला धूर लागलाय," ती म्हणाली. "मुतखड्याच्या औषधासारखी लागते. कोणी केली ही?"

मॉन्सने ताटं पुसणाऱ्या गुन्वॉरकडे बोट केलं.

"ती," तो म्हणाला, आणि मग तेच बोट आपल्या छातीवर ठेवलं.

"मग दोघांनी मिळून बिघडवलीत," एल्ड्रिड म्हणाली आणि भांडं परत पुढे केलं. "भर."

गुन्वॉरने फडकं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, धूर कुठे लागतो, घोटाच्या आधी की नंतर. त्यावर तिघं एकदम बोलायला लागले. लेइडुल्व म्हणाला नंतर, एल्ड्रिड म्हणाली दोन्हीकडे, आणि मॉन्स, हात उंचावून, "रोसा, रोसा," असं काहीतरी फार महत्त्वाचं सांगत होता आणि सगळे ऐकत होते.

गुन्वॉर उत्तरेकडच्या दुसऱ्या खोऱ्यातून लग्न होऊन आली होती. तिच्या माहेरी बिअर उकळतच नाहीत, त्यामुळे तिथे फेसही येत नाही.